मोजणीदारांचे सात उपवास

किशनराव मोजणीदार आठवड्यातले सातही दिवस उपवास करायचे, आणि त्यांचं वजन एक्क्याण्णव किलो होतं.

वजनाचा आकडा मला नक्की माहीत आहे. मानवतच्या एका आडतीवर, कापसाच्या दोन गाठोड्यांच्या मध्ये काट्यावर उभं राहून त्यांनी ते माझ्यादेखत करून घेतलं होतं. तोलणारा म्हणाला, "मोजणीदार, मालात ओल लय हाय." किशनराव तोंड न हलवता म्हणाले, "ओल न्हाई रे, उपवास हाय."

मी कालव्याच्या कार्यालयात कारकून होतो आणि ते तिथेच मोजणीदार. कालव्याचं पाणी कुणी किती रानाला दिलं, रानात कोणतं पीक उभं आहे, हे शिवारं हिंडून मोजायचं आणि कागदावर आणायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी सरकारनं टेप दिला होता. तो त्यांच्या पिशवीत असायचा आणि पिशवीतच राहायचा. किशनराव पावलांनी मोजायचे. "टेप सरकारचा, पाऊल आपलं." पाऊल बरोबर अडीच फूट. गुंठ्याची एक बाजू म्हणजे तेरा पावलं आणि वर एक मूठ. नवीन आलेल्या साहेबांनी एकदा टेप धरून तपासलं, तर तीन एकर रानात फरक निघाला तो एका बाजेएवढा. त्यानंतर साहेबांनी टेपचा विषय काढला नाही आणि किशनरावांनी पावलांचा विषय सोडला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक वाचत बसायचो, म्हणून मला ते 'किताबी' म्हणायचे. "किताबी, डोळे जायलेत तुमचे. माझ्यावानी हिंडा. चालनाऱ्याला रोग धरत न्हाई. मागं पळून पळून रोगच दमतो." हे सांगताना त्यांच्या एका गालात राजगिऱ्याचा लाडू असायचा.

खरं म्हणजे आमच्या कार्यालयात निरोगी असा एकच होता, तो भिंतीवरच्या कॅलेंडरातला मारुती. साहेबांना रक्तदाब होता. त्याची गोळी ते रोज घेत नसत. राग येऊन गेल्यावर घेत. हेडक्लार्कांची तंबाखू आणि खोकला दोन्ही एकाच वेळी सुरू झाले होते, पण ते खोकल्याचं खापर फायलींच्या धुळीवर फोडत. मी स्वतः दहा ते साडेपाच खुर्चीतून उठत नसे, सात कप चहा पीत असे आणि पोटात आग पडली की आठवा मागवत असे. तरी आम्ही सगळे हसायचो ते किशनरावांना. कारण आमचे रोग कपड्यांच्या आत होते आणि त्यांचं पोट बाहेर.

कालवा यायच्या आधी आमच्याकडं ज्वारी, कापूस, तूर. माणसं काटक. रोग म्हणजे हिवताप, नाही तर खरूज. मधुमेह हा शहरातल्या पेढीवर बसणाऱ्यांचा, असा समज होता. मग कालवा आला. पाण्यामागं ऊस आला, उसामागं गुऱ्हाळं आली, आणि गुऱ्हाळांमागून आमच्या मोजणीदाराच्या लघवीत साखर आली.

त्याचं असं होतं. मोजणीदार बांधावर दिसला की हाक यायचीच, "या की ओ मोजणीदार!" आणि आमच्या भागात एकदा 'या' म्हटलं की रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. चरकातून रसाचा तांब्या भरून यायचा. काहिलीतला ताजा गूळ पळसाच्या पानावर यायचा. किशनराव दोन्ही हात पुढे करून म्हणायचे, "नको, नको. आत्ताच त्या वावरात घेतला." आणि प्यायचे. "कुनाचं मन मोडू न्हाई, किताबी." दिवसाकाठी सात-आठ जणांची मनं ते शाबूत ठेवायचे. मात्र रस पिऊन माप कमी लिहिलं, असं त्यांच्याबद्दल कुणाला कधी बोलता आलं नाही. तांब्याभर पिऊनही ते पुरतं मोजायचे. त्यामुळे काही शेतकऱ्यांना रस वाया गेल्याचं दुःख व्हायचं, पण दुसऱ्या दिवशी हाक तेच मारायचे.

साखरेचा शोध डॉक्टरांनी नाही, आमच्या शिपाई चाचांनी लावला. कार्यालयामागं एक बाभूळ होती. एका दुपारी चाचा आत येऊन म्हणाले, "किशनराव जिथं जाऊन येतेत ना, तिथं मुंग्यांचा उरूस भरायलाय."

किशनराव जराही लाजले नाहीत. "उसाच्या शिवारातला मानूस हाय मी. कडू कसा असन?"

त्याच सुमारास त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि तिचा तर त्यांना फारच अभिमान वाटू लागला. पायात काटा मोडला तरी आता त्यांना दुखत नसे. भर उन्हात तापलेल्या डांबरी सडकेवर ते अनवाणी उभे राहून दाखवायचे. तुरीची धसकटं तुडवत चालायचे आणि मागं वळून आमच्याकडं पाहायचे. "काटा भ्यायलाय माझ्या पायाला," ते म्हणायचे. हेडक्लार्क खोकत खोकत कौतुक करायचे. मीही केलं होतं. पायाला काही कळेनासं होणं हेच दुखणं आहे, हे माझ्या कोणत्या पुस्तकात नव्हतं. म्हणजे असेल, पण ती पुस्तकं मी वाचत नव्हतो.

साहेबांनी बळंच त्यांना परभणीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. बरोबर मी. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, लघवी पाहिली, तळवा टोचून पाहिला आणि हातातली टाचणी किशनरावांना दाखवली. किशनराव म्हणाले, "टोचा की. कधी टोचनार?"

"टोचून झालं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की या पायाला जखम झाली तर ती कळणार नाही, आणि चिघळली तर पाय जाईल. खाणं कमी करा. गोड बंद. गोळी रोज.

येताना एसटीत किशनरावांनी डॉक्टरांची चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "खानं कमी कर म्हनला ना? म्हंजे उपवास. सरळ उपवास कर म्हनायला काय झालतं त्याला?"

अशा रीतीनं ते सात उपवास लागले. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार विठोबाचा. गुरुवार सकाळी दत्ताचा आणि संध्याकाळी पिराचा, कारण त्यांच्या मते जुमेरातीवर दोघांचा हक्क सारखा होता. शुक्रवार देवीचा, त्या दिवशी आंबट वर्ज्य, म्हणून सगळं गोड. शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. भाकरीला त्यांनी हात लावणं सोडलं. त्या जागी साबुदाण्याची खिचडी आली, भगर आली, शेंगदाण्याची आमटी, दुधातली रताळी, केळी, खजूर. आणि रस तर उपवासाला चालतोच.

"परहेज म्हंजे परहेज," ते मला सांगायचे. "भाकर बंद म्हंजे बंद. भगर काय, पाखरं खातेत ती."

हा फराळ करायचं कोण? मानवतला कापूसबाजाराच्या गल्लीत ते एका खोलीत राहायचे. बायको इथं बदली व्हायच्या आधीच वारली होती. एकुलती मुलगी देवगाव फाट्याकडं दिलेली, ती आपल्या संसारात. पण उपवासाच्या माणसाला उपाशी जाऊ देणं हे पाप. मोजणीदार ज्या गावात असतील तिथं "आज काय, शनवार का तुमचा?" असं विचारत कुणीतरी घरात बोलवायचं, पाट टाकायचं. म्हणजे उपवास देवाचा आणि साबुदाणा गावाचा. हे मी तेव्हा साहेबांना सांगून त्यांना हसवलं होतं. साहेब इतके हसले की त्यांना गोळी घ्यावी लागली.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा रक्त पाहिलं आणि विचारलं, "खाता काय तुम्ही?"

"काहीच न्हाई," किशनराव म्हणाले. "सातबी दिवस उपवास हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

व्हायचं ते झालंच. एका सकाळी चाचांनी त्यांना त्यांचा उजवा बूट दाखवला. आतून रक्त आणि पू गळत होता. बाभळीचा काटा करंगळीत मोडून बरेच दिवस झाले होते, आणि त्या काट्यासकट ते रोज चारपाच कोस चालत होते. परभणीला न्यायचं ठरलं, तर त्या दिवशी नामांतराच्या मोर्चामुळं गाड्या बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पोचलो. करंगळी काढावी लागली.

डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "बोट गेलं. साखर अशीच राहिली तर पुढच्या वेळी मी घोट्यापासून काढीन. त्यांना सांगून उपयोग नाही, तुम्हाला सांगतोय."

किशनराव महिन्याभरानं कामावर आले ते एक नवीन तक्रार घेऊन: टेप खोटा झालाय. त्यांच्या पावलाचं माप आणि टेपचं माप जुळेना. "उन्हानं ताणलाय टेप," त्यांचं म्हणणं. साहेबांनी कोरा टेप काढून दिला, तोही ताणलेला निघाला. शेवटी त्यांनी कार्यालयाच्या व्हरांड्यात खडूनं रेघ मारली, चाळीस पावलं टाकली आणि मला मोजायला लावलं. शंभर फुटांऐवजी पंच्याण्णव भरले. किशनराव व्हरांड्याच्या पायरीवर बसले. बोट कापलं तेव्हाही मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"पाऊल आखडलं की ओ," ते म्हणाले. मग एकदम उभे राहिले. "म्हंजे या आठवड्यात ज्यांचं ज्यांचं मोजलं, त्यांचं रान जास्ती लागलंय. चला."

त्यांनी ती सगळी रानं पुन्हा मोजली. या खेपेला टेप धरून, आणि टेपचं दुसरं टोक धरायला साहेबांनी मला दिलं. प्रत्येक शेतकऱ्याला ते थांबवून सांगायचे, "माझं पाऊल आता अडीच फूट न्हाई. कुनाला सांगू नका असं न्हाई, सगळ्यास्नी सांगा." शेतकऱ्यांना आधी हे काय चाललंय ते कळायचं नाही. कळल्यावर ते रस आणायला धावायचे.

तेव्हा मात्र आम्ही ठरवलं. साहेब, हेडक्लार्क, चाचा आणि मी. किशनराव ऐकणार नाहीत. पण शिवारातली माणसं ऐकतील. चाचा बाजाराच्या दिवशी गावोगावच्या माणसांना गाठून सांगू लागले, मी कार्यालयात येणाऱ्या प्रत्येकाला. साहेबांनी एक वाक्य तयार केलं होतं, ते फार परिणामकारक ठरलं: मोजणीदारांना जो रस पाजील, त्यानं त्यांच्या पायावर कुऱ्हाड घातली. गूळ, रस, साबुदाणा, भगर, केळी, सगळं त्यात आलं.

आमच्या खात्याचं पाणी वर्षानुवर्षं शेवटच्या चारीपर्यंत, टोकाच्या पाटापर्यंत, वेळेवर पोचलं नव्हतं. पण हे वाक्य पंधरा दिवसांत पोचलं. माणसांचा किशनरावांवर जीव होता. एकानंही मोडलं नाही.

आणि गंमत म्हणजे, फराळ बंद झाल्याबरोबर उपवासही सुटले. आधी बुधवार सुटला, मग शुक्रवार, असं करत करत सगळे देव मोकळे झाले. किशनराव खोलीवर स्टोव्हवर पिठलं टाकायचे, खानावळीतून दोन भाकरी आणायचे, गोळी घ्यायचे. वजन उतरलं. जखमेनं खपली धरली. तीन महिन्यांनी रक्त पाहून डॉक्टर मला म्हणाले, "शाबास. पाय वाचला." मी ती शाबासकी कार्यालयात आणून सगळ्यांना वाटली. साहेबांनी त्या आनंदात चहा मागवला आणि हेडक्लार्कांनी तंबाखूची चिमूट तोंडात सोडली. एका माणसाला आम्ही सुधारलं होतं, आता स्वतःला सुधारायची निकड कुणाला उरली नव्हती.

किशनराव मात्र साडेपाचला नव्हे, चारलाच शिवारातून परत येऊ लागले. काम लवकर आटोपतं, म्हणायचे. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहायचे. मला वाटलं, वजन उतरल्यामुळं चाल वाढली.

माघात मी त्यांच्याबरोबर शेवटच्या चारीवर गेलो. टेपचं टोक धरायला. सकाळपासून सहा रानं मोजली आणि काहीतरी वेगळं आहे असं मला वाटत राहिलं, ते काय हे कळायला सातवं रान यावं लागलं. आम्हाला कुणी हाक मारत नव्हतं. मोजणीदार बांधावर दिसले की माणूस खाली वाकून पाण्याची दारं धरू लागायचा, बैलाच्या मानेखाली हात घालून गोचीड शोधायचा, विहिरीकडं निघून जायचा. चिडून नव्हे, उलट जाताना ओशाळं हसायचा. मला उलगडायला वेळ लागला. ज्याला काही देता येत नाही, त्याला 'या' तरी कसं म्हणायचं? बोलावून रिकामं बसवायचं, हे त्यांना कोणत्याही मापात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी बोलावणंच सोडलं होतं. तीन महिने.

किशनराव कुणाकडं न बघता मोजत होते. आकडा सांगायचे, मी लिहायचो.

मुंजाजीच्या उसाला गुऱ्हाळ लागलेलं होतं. काहिलीवर वाफ होती, चरक करकरत होता. मुंजाजीनं आम्हाला पाहिलं आणि तो घाईघाईनं चुलवणात पाचट सारू लागला. त्याची बायको गयाबाई पदरानं तोंड पुसत पाठमोरी झाली. आम्ही बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. मोजून झालं. मी टेप गुंडाळू लागलो. किशनराव हलले नाहीत.

"मुंज्या," त्यांनी हाक मारली.

"जी."

"पानी पाज की रे."

मुंजाजी उठला, पण जागेवरच घुटमळला. "नुस्तं पानी कसं देऊ ओ मोजणीदार? हितं रस निघायलाय अन् तुमाला पानी? लाज वाटती. म्हनून तर आमी..."

"नुस्तंच दे."

गयाबाईनं तांब्या आणि पितळी पेला आणला. पाणी ओतून पेला त्यांच्या हातात दिला आणि मान खाली घालून बाजूला झाली. किशनरावांनी पेला धरला, पण तोंडाला लावला नाही. काहिलीकडं बघत म्हणाले, "असं न्हाई, वैनी."

"मंग कसं?"

त्यांनी पेला खाली केला. माझ्याकडं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. "पयलं जसं रसाला म्हनायच्या, तसं म्हना की. घ्या, घ्या म्हना. पानीच हाय. डाक्टर काय म्हनत न्हाई त्याला."

गयाबाईला कळायला क्षणभर लागला. मग तिनं पदर खांद्यावर नीट घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "बसा की ओ, मोजणीदार! उभ्यानं कोन पितंय? आवो बाजंवर घ्या त्यांना. अन् तुमी, लेखनिक दादा, तुमी बी या."

आम्ही बाजेवर बसलो. किशनरावांनी एका दमात पेला रिकामा केला. गयाबाईनं पुन्हा भरला.

"नको, नको," किशनराव म्हणाले. "आत्ताच घेतलं ना."

"कुठं घेतलं? यवढ्याशानं काय होतंय? पाखरू तरी जास्ती पितंय. घ्या, माझी आन हाय."

दुसरा पेला गेला. मुंजाजी चुलवण सोडून समोर येऊन उकिडवा बसला. "आमच्या हिरीचं हाय, मोजणीदार. गावात असं पानी न्हाई. आनखी एक घ्या. आमचं मन मोडायलाव का?"

किशनराव गेल्याला आता वर्ष होईल. गेल्या पौषात तापानं गेले. एक करंगळी सोडली तर दोन्ही पाय शाबूत होते. त्यांच्यावर लिहायला बसलो की मला आधी सगळे उपवासच आठवतात आणि हसू येतं, आणि मग लेखणी त्या बाजेपाशी येऊन थांबते.

गयाबाई तिसऱ्यांदा तांब्या घेऊन वाकली. "लय झालं, वैनी, लय झालं," म्हणत किशनरावांनी पंगतीत धरतात तसा पेल्यावर पंजा आडवा धरला, आणि बोटांमध्ये पाण्याची धार जाईल एवढी फट ठेवली.